पगार वाढवला, तरी पोरगा गेला!

बीबीएला एचआर हा विषय मी पास होण्यापुरताच वाचला. पुढे दुकान टाकलं. कामाला चांगला असलेला पोरगा "सोडतो" म्हणाला, तेव्हा हजार रुपये वाढवले. दोन महिन्यांत तरीही गेला. जाताना म्हणाला, "दादा, तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडता."

तेव्हा पुस्तकातला हर्झबर्ग आठवला. त्यानं १९५९ मध्येच मांडलं होतं : पगार कमी असला, मालक नीट वागत नसला की माणूस नाराज होतो. पण हे सुधारलं म्हणून तो मन लावून काम करेलच असं नाही. त्यासाठी कौतुक आणि जबाबदारी लागते.

आता मालाची ऑर्डर आमची नवीन मुलगीच काढते. चूक झाली तर शटर ओढल्यावर बोलतो.

मित्रांनो, पहिला माणूस ठेवायच्या आधी हा धडा वाचाच.