आंब्याला ४०० ग्रे, माणसाला ४

१९८१ साली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून ‘रत्ना’ हा आंबा बागायतदारांच्या हाती आला, तेव्हा डोकेदुखी होती हापूसच्या साक्याची, म्हणजे आतून गर खराब होण्याची. दुसरी डोकेदुखी कोयीतल्या भुंग्याची. तिच्यावरचा उतारा मात्र निघाला घाटापलीकडे, लासलगावात. किडीच्या धास्तीने अमेरिकेने आपला आंबा अडवून धरला होता. एप्रिल २००७ मध्ये तो तिथे पोहोचला, तो कोबाल्ट-६० चे गॅमा किरण खाऊन. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावचा ‘कृषक’ प्रकल्प उभारला, तो खरे तर कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून.

आंब्याला किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा देतात. त्याने फळ किरणोत्सारी होत नाही, किडीची वाढ आणि वीण तेवढी थांबते. माणसाच्या सर्वांगाला एकदम ४-५ ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मे लोक दोन महिन्यांत दगावतात. गॅमा किरण शरीरात खोलवर शिरतात, डीएनए तोडतात. सतत विभागणाऱ्या पेशी, म्हणजे अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर, आधी बळी पडतात.

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये हेच दिसले. विद्यापीठाने भंगारात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० तिथल्या कामगारांनी उघडा केला. कातडी काळवंडली, रक्तातल्या पेशी घटल्या, एक जण दगावला.

आणि तोच कोबाल्ट कर्करोगावर चालतो! २००५ मध्ये खारघरला पहिले भारतीय बनावटीचे ‘भाभाट्रॉन’ यंत्र बसले. अशा उपचारात रोज साधारण २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे करत एकूण ५०-६० ग्रेही देतात. पण नेमक्या गाठीवर, आणि मधल्या वेळेत निरोगी पेशी सावरतात. सगळा खेळ मात्रा, जागा आणि वेळ यांचा.

अल्फा कणांची तऱ्हा उलटी. कातडीच त्यांना अडवते, पण पोटात गेले की खैर नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लिटविनेन्को अल्फा कण सोडणाऱ्या पोलोनियम-२१० मुळे तीन आठवड्यांत गेला. बीटा कण कातडी भाजतात. किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये साठते. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर दुधावाटे ते मुलांच्या गळ्यापर्यंत गेले, आणि पुढे अनेकांना थायरॉइडचा कर्करोग झाला.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वादापासून कोकणात किरणांची भीती अणुभट्टीशीच जोडली गेली. भर उन्हात रापण (मासेमारीचे जाळे) ओढणाऱ्यांच्या अंगावर रोज पडणारे अतिनील किरण त्या चर्चेत क्वचितच येतात. ते कातडीपलीकडे फारसे जात नाहीत. पण वर्षानुवर्षे पडत राहिले की डोळ्यांत मोतीबिंदूचा आणि कातडीला कर्करोगाचा धोका वाढवतात.