युकुलेलेची तिसरी तार ठस का वाजते?

युकुलेलेच्या चारही तारा एकेक करून छेडून पाहा. पहिली, दुसरी, चौथी खणखणीत बोलतात. तिसरी, म्हणजे ‘सी’, बहुतेक वेळा ठस लागते. असं झालं की वाद्यच हलकं म्हणून नाव ठेवलं जातं. माझं म्हणणं, आधी तारा बदलून पाहाव्यात.

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो, हे फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६३६ मध्ये मांडलं. युकुलेलेच्या चारही तारांची लांबी सारखीच असते. ताणही साधारण सारखा ठेवावा लागतो, नाहीतर बोटांना एक तार सैल आणि दुसरी कडक लागते. मग स्वर खाली आणायचा तर वजन वाढवणं एवढंच हातात उरतं. पहिली तार ‘ए’ सेकंदाला ४४० वेळा कंप पावते, ‘सी’ सुमारे २६२ वेळा. त्यासाठी ‘सी’ २.८ पट जड हवी. पदार्थ तोच असेल तर जवळपास १.७ पट जाड.

खरी अडचण या जाडीची आहे. छेडलेली तार एकसंध हलतेच, पण त्याच वेळी निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्शांतही हलत असते. त्यातून उपस्वर निघतात आणि आवाजाला तेज येतं. हिस्सा जितका लहान, तितकं तारेला जास्त वाकावं लागतं. जाड नायलॉन तिथे अडतं, ऊर्जा त्याच्या आतच जिरते आणि वरचे उपस्वर लगेच विझतात.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांपुढे हाच प्रश्न तंबोऱ्याच्या खरजाला येतो. जोडीच्या तारा पोलादी. खरज त्यांच्या सप्तकभर खाली. तिथे पितळेची तार चढवतात. पितळ पोलादाहून थोडं जड आणि ताठपणात जवळपास निम्मं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांचं कौतुक भोपळा, तबली आणि जवारीपाशी थांबतं. तारेची ही निवड मला तितकीच मोलाची वाटते.

युकुलेलेत पितळेचं हे काम फ्लोरोकार्बन करतं. मासेमारीच्या गळालाही याच पदार्थाची दोरी लावतात. नायलॉनची घनता १.१४, याची १.७८. त्यामुळे ०.९ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनइतकीच जड तार यात ०.७२ मिलिमीटरची होते. दोन्ही शेजारी धरल्या की फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बारीक तार सहज वाकते. ‘सी’ मोकळी होते आणि आस लांबते.

मुंबईतल्या चारकोपसारख्या ठिकाणी फ्लोरोकार्बन निवडायला आणखी एक कारण आहे. पश्चिमेला तिवरं आणि खाडी, त्यात चार महिने पाऊस. नायलॉन हवेतला ओलावा शोषून मऊ पडतं, स्वर उतरतो. फ्लोरोकार्बन पाणी जवळपास घेतच नाही. लाकडी तबली मात्र ओलावा घेतेच, त्यामुळे खुंट्या पिळणं चुकत नाही.

तरीही फ्लोरोकार्बन सगळीकडे शोभतं असं नाही. प्लायवूडच्या काही वाद्यांचा आवाज मुळातच टोकदार असतो, तिथे ते कर्कश वाटू शकतं. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून होनोलुलूला उतरलेल्या कारागिरांनी युकुलेले घडवलं, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, घनता सुमारे १.३. तेवढ्याच घनतेच्या कृत्रिम तारा आज मिळतात. त्यांचा आवाज गोलसर असतो. पोलादी तारा मात्र चुकूनही चढवू नका. त्यांच्या ताणाने तबलीवर चिकटवलेली घोडी उखडू शकते.

पाकीट घेताना सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर ते पाहा, कारण लांबी बदलली की वजनाचं गणितही बदलतं. नव्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत राहतात आणि सारख्या उतरतात. त्या स्थिरावल्या की मगच आवाजाबद्दल मत बनवा.