कविसंमेलन दिवसाच्या शेवटीच का?

भाताची सुगी आटोपली की बेळगाव तालुक्यात संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी... एकेका गावात मराठी साहित्य संमेलन भरते. एवढ्याशा भागात इतकी संमेलने कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठीचा कार्यक्रम सरकार करील याची वाट इथे कोण बघत बसणार? गावकरीच वर्गणी काढतात, मांडव घालतात, जेवणाचं बघतात.

या संमेलनांत कविसंमेलन हवेच, आणि आजची कविता कवीच्या तोंडून ऐकायला मिळण्याची अनेकांसाठी ही वर्षातली एकमेव संधी. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, गोव्याकडचे कवी येतात, सोबत गावातले शिक्षक, शेतकरी, कॉलेजची मुलंही वाचतात. हलगा-मच्छे बायपासमध्ये पिकाची जमीन गेलेल्यांसमोर शेतीवरची कविता वाचली जाते, तेव्हा ती समजावून सांगावी लागत नाही.

अडचण आहे ती वेळेची. सकाळी ग्रंथदिंडी निघते. टाळ-मृदंग, लेझीम, पालखीत ग्रंथ; गाव सजलेलं असतं, साहजिकच उशीर होतो. मग उद्घाटन, स्वागत, सत्कार (सत्कारांची यादी कधी आटोपशीर नसते!), अध्यक्षांचे भाषण, व्याख्यान, जेवण, कथाकथन. कविसंमेलन बहुतेक वेळा शेवटी. तोवर उन्हं कललेली, बायकांना घरचं दिसायला लागलेलं, पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची. मंचावर पंधरा-वीस कवी आणि सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो : एकच कविता, लहानशी.

अशा घाईत टिकते ती टाळीची कविता. सीमाप्रश्नावरची, आईवरची, यमकात बसणारी. त्यात गैर काही नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, तेव्हा इथल्या मंचावर तो विषय निघणारच. पण याच बेळगावात इंदिरा संत राहिल्या, लिहित राहिल्या. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हलक्या आवाजातली तसली कविता संध्याकाळी पाच वाजता, खुर्च्या उचलण्याच्या आवाजात कशी पोचायची?

उपाय खर्चाचा नाही. कविसंमेलन उद्घाटनानंतर लगेच, जेवणाआधी घेता येईल. वीस कवींऐवजी सात-आठ, प्रत्येकाला दहा मिनिटं. गावातल्या नवोदितांसाठी कडोलीत वेगळे, उचगावात वेगळे असे न करता पावसाळ्यात एखाद्या वाचनालयात दर महिन्याला वाचन ठेवलं, तर संमेलनाच्या मंचावरची गर्दीही आपोआप कमी होईल. सत्कार दुपारनंतर घ्यावेत. त्यांना श्रोते मिळतातच, निदान घरचे तरी.

एवढं निमंत्रणपत्रिका छापायच्या आत ठरायला हवं. एकदा नावं छापली की क्रम बदलायला कुणी तयार होत नाही.