ओळखीचा माणूस

तीन वर्षे मी रशियन भाषा घोकली होती. मराठी मुलीला आठ विभक्तींची सवय. रशियनला तर सहाच! भाषेचे आपल्याला काय भय, अशा ऐटीत मी २०१८ च्या सप्टेंबरात, महिनाभराच्या अभ्यासासाठी, त्वेर शहरात उतरले. पण पहिल्याच दुपारी ती सारी ऐट व्होल्गेत वाहून गेली!

त्वेर हे मॉस्कोपासून सुमारे १७० किलोमीटरवर, व्होल्गेच्या दोन्ही काठांवर वसलेले जुने शहर. १९३१ पासून १९९० पर्यंत त्याचे नाव कालीनिन होते. वसतिगृहात सामान टाकून मी जवळच्या खानावळीत शिरले. वाढणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारले. मला एक शब्द कळेल तर शपथ! त्यांनी पुन्हा विचारले, या खेपेस मोठ्याने. मागे रांग खोळंबली. घाबरून मी नुसतीच मान डोलावली. टेबलाशी बसून पाहते तो काय, बिटाच्या लालभडक सारात मांसाचे तुकडे! अखेर पाव आणि चहा यांवर भागवले. पावाचा घास काही केल्या घशाखाली उतरेना.

घरी फोन करून ‘मला परत यायचंय’ म्हणावे, असे दहादा मनात आले. पण बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून मला पाठवले होते. कोणत्या तोंडाने सांगणार? आणि हे शहर तरी कोणी निवडले? मीच! “मॉस्को सोडून हे कुठलं गाव काढलंस?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले होते, “बाबा, आपल्याकडे आलेला पाहुणा तिथलाच!”

त्या पाहुण्याची आठवण होताच मी उठले आणि जुना पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेले. घोड्याच्या मुखाच्या नावेवर तो उभा होता, अफनासी निकितिन. हा पुतळा १९५५ सालचा. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच्यावर ‘परदेशी’ हा चित्रपट निघाला. त्यातली नर्गिस आमच्या आजीला अजून आठवते.

त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या पाव शतकाहून अधिक आधी, चौल बंदरात उतरला. चौल म्हणजे आमच्या रेवदंड्याचा शेजार. गावात २००२ साली त्याचा स्मारकस्तंभही उभा राहिला. शाळकरी वयात त्या दगडाकडे कोण लक्ष देतो!

आज मात्र त्याची सारी कहाणी निराळीच वाटू लागली. वाटेत लुटारूंनी त्याचे सामान लुटले, त्यात पोथ्याही गेल्या. त्यामुळे आपले सण कधी येतात, याचाही त्याला हिशेब राहिला नाही. आपल्या मुलखात तो जाईल तिथे या गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागे लागत. जुन्नरला खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्यासाठी चार दिवसांची मुदत दिली. तेव्हा एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने या परक्या ख्रिस्ती माणसासाठी रदबदली केली आणि घोडाही परत मिळवून दिला. पुढे निकितिन मायदेशी परतला खरा, पण त्वेर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याने देह ठेवला. घरी पोचली ती त्याची कीर्ती.

मला मनातून लाज वाटली. त्या बिचाऱ्याच्या मानाने माझ्यावर असे कोणते आभाळ कोसळले होते? त्याच्यासाठी कोणी शब्द टाकला, तो तरी त्याची अडचण कळल्यावरच. मी तर अजून कोणाजवळ तोंडही उघडले नव्हते!

संध्याकाळी पुन्हा त्याच खानावळीत गेले आणि मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाले, “मी भारतातून आले आहे. मांस खात नाही. कृपा करून सावकाश बोला.” बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि खुदकन हसल्या. मग लहान मुलाशी बोलावे तसे एकेक शब्द सुटा करून त्यांनी दुपारचाच प्रश्न पुन्हा विचारला. अहो, प्रश्न एवढाच होता, “वर आंबट साय घालू का?” त्यांनी कुट्टूचा वाफाळता भात वाढला आणि न मागता त्यावर लोण्याचा गोळा सोडला.

रात्री फोनवर आईचा पहिला प्रश्न, “जेवलीस का?” आणि दुसरा, “तिथं कोणी ओळखीचं भेटलं का गं?”

“भेटला ना,” मी म्हटले, “आपल्या चौलला येऊन गेलेला!”