वळिवड्याची शाळा

अहिल्यानगर जिल्ह्यातील राजूर हे डोंगराळ मुलखातील गाव. तेथील वाड्यावस्त्यांवरील कित्येक कुटुंबे भाताची कापणी आटोपली की मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावकडे जातात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ती परततात तेव्हा घर जागेवर असते आणि शाळाही. युद्धाने देशोधडीला लावलेल्या मुलांना मात्र घर आणि शाळा दोन्ही नव्याने शोधावी लागतात. अशा मुलांची एक शाळा आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे, भरत असे.

ती मुले पोलंडची होती. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले. पूर्व भागातील लाखो लोकांना रशियाने १९४० व १९४१ मध्ये आगगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत धाडले. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा रशिया व पोलंड यांच्यात करार होऊन हे लोक मोकळे झाले. उपासमारीने खंगलेली ही माणसे इराणमध्ये आली. त्यांपैकी सुमारे ५,००० जणांना १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती.

अन्नवस्त्र मिळाले म्हणजे निर्वासितांची सोय झाली, असे पुष्कळांना वाटते. वळिवड्याच्या त्या मातांना तसे वाटले नाही. छावणीत दवाखाना आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले, त्याबरोबरच प्राथमिक शाळा आणि माध्यमिक विद्यालयही सुरू झाले. काम सोपे नव्हते. मुलांची शिक्षणाची वर्षेच्या वर्षे बुडालेली. वय वाढलेले, पण अक्षरओळख कच्ची. पुस्तके अपुरी आणि शिकलेले शिक्षक थोडे. तेव्हा ज्या स्त्रिया शिकलेल्या होत्या, त्यांनीही खडू हाती घेतला. सारे शिक्षण पोलिश भाषेत चाले. इतिहास पोलंडचा, भूगोलही पोलंडचा. बाहेर उसाचे मळे आणि जवळच पंचगंगा. वर्गात मात्र बर्फाच्या देशातील नद्यांची नावे! हा हट्ट वेडेपणाचा नव्हता. उद्या मायदेशी परतल्यावर आपले मूल तेथील वर्गात परके ठरू नये, एवढीच त्यामागील तळमळ होती. शाळेखेरीज बालवीरांची पथके होती. उमादेवी हे भारतीय नाव धारण केलेल्या वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषीने या मुलांना भारताचीही ओळख करून दिली.

१९४५ मध्ये युद्ध संपले, पण ज्या पूर्व भागातून ही मुले आली होती तो सोव्हिएत संघराज्यात गेला. ज्या घरासाठी एवढी तयारी चालली होती, ते घरच परक्या देशात गेले. काही जण नव्या सीमांच्या पोलंडमध्ये परतले. पुष्कळांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे देश जवळ केले आणि तेथेही मुलांना पोलिश शिकविले.

१९४८ मध्ये छावणी उठली. त्या जागेत लवकरच दुसरे निर्वासित राहावयास आले. ते फाळणीने घरदार गमावलेले सिंधी लोक होते. त्यांची ती वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते.