कॅथलॅबमध्ये हात कसा बसतो?

घरातल्या कुणाची अँजिओप्लास्टी ठरली की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात : खर्च किती येईल आणि स्टेंट कुठल्या कंपनीचा? ती करणाऱ्या डॉक्टरांचा या कामात हात किती बसला आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक रुग्ण सुखरूप घरी येण्याशी या प्रश्नाचा थेट संबंध असतो.

अँजिओप्लास्टीत छाती उघडावी लागत नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या रोहिणीतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडापर्यंत नेतात. तिच्यातून शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक, ०.३६ मिलिमीटरची तार ब्लॉकेजच्या पलीकडे सरकवतात. त्या तारेवरून फुगा नेऊन तो फुगवतात आणि बहुतेक वेळा स्टेंट बसवतात. हे सगळे चालू असताना डॉक्टरांना हृदय दिसत नसते. दिसते ती पडद्यावरची क्ष-किरणांची सपाट सावली, तीही सतत हलणारी. बोटे मनगटाशी, नजर पडद्यावर आणि तारेचे टोक धडधडत्या हृदयात, अशी ही कसरत आहे.

पुस्तक वाचून हे येत नाही. नळी रक्तवाहिनीच्या तोंडाशी लागली आणि मॉनिटरवरची दाबाची रेघ एकदम बसली, तर नळीने ते तोंडच बुजवले असण्याची शक्यता असते. अशा वेळी डाय जोरात सोडली तर वाहिनीचे आतले अस्तर फाटू शकते. तार अडली तर ती रेटायची नाही, मागे घेऊन पुन्हा वाट शोधायची. डाय जास्त झाली तर मूत्रपिंडांना त्रास होतो आणि क्ष-किरणांचा पेडल उगाच दाबून ठेवला तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही किरणोत्सर्ग सोसावा लागतो. आणि सगळ्यात उशिरा येणारे शहाणपण म्हणजे कुठल्या ब्लॉकेजला हातच लावायचा नाही, हे कळणे.

या शिक्षणाचा प्रश्न अँजिओप्लास्टीइतकाच जुना आहे. आंद्रेआस ग्रुन्टझिग या डॉक्टरांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयातील रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवले होते. हृदयाकडे वळण्याआधी त्यांनी पायाच्या रक्तवाहिन्यांवर आणि कुत्र्यांवर काम केले होते. ही पद्धत अर्धवट शिकलेल्यांच्या हाती गेली तर रुग्ण दगावतील आणि पद्धतही बदनाम होईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९७८ पासून त्यांनी झुरिकमध्ये प्रात्यक्षिक वर्ग सुरू केले. ते कॅथलॅबमध्ये काम करत आणि दुसऱ्या दालनात बसलेले डॉक्टर ते टीव्हीवर त्याच क्षणी पाहत. तार जात नाही, फुगा अडतो, हेही लपवले जात नसे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्थेने १९७९ मध्ये अशा उपचारांची नोंदवही सुरू केली. तिच्यातून एक गोष्ट पुढे आली : डॉक्टरांचा अनुभव वाढत गेला तसे यशाचे प्रमाणही वाढत गेले. ग्रुन्टझिग १९८० मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे गेले आणि १९८५ मध्ये विमान अपघातात वारले, पण तोवर त्यांचे शिष्य जगभर पोचले होते. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी १९८०च्या दशकात चेन्नईतून भारतात अँजिओप्लास्टी रुजवली आणि पुढे अनेक डॉक्टर घडवले.

आज आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे तर एमबीबीएस आणि इंटर्नशिपची साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि त्यानंतर डीएम किंवा डीआरएनबीची तीन वर्षे लागतात. मुंबईत केईएम, सायन, नायर अशा महापालिका रुग्णालयांत हे शिक्षण मिळते. विद्यार्थी आधी शेजारी उभा राहून पाहतो, मग मनगटाची रोहिणी टोचायला शिकतो, मग अँजिओग्राफी. अँजिओप्लास्टीची तार त्याच्या हाती येते ती त्यानंतर, आणि तेव्हाही वरिष्ठ डॉक्टर बाजूला उभे असतात. पुष्कळ जण पदवीनंतर आणखी एखादे वर्ष फेलोशिप करतात. अमेरिकेत या विशेष प्रशिक्षणाच्या वर्षात किमान २५० अँजिओप्लास्टी करण्याची अपेक्षा असते.

तरीही एक पेच उरतोच. आपला रुग्ण अनुभवी हातात असावा, असे प्रत्येकाला वाटते. पण प्रत्येक अनुभवी हात कधीतरी नवखा होताच. यावरचा एक उतारा म्हणजे सिम्युलेटर. वैमानिक जसा जमिनीवरच्या यंत्रात उड्डाण शिकतो, तसे डॉक्टर संगणकाला जोडलेल्या पुतळ्यात खरी तार घालून सराव करतात. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. अमेरिकेत २००४ मध्ये मानेच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यास मंजुरी मिळाली, तेव्हा प्रशिक्षणात सिम्युलेटरचाही समावेश झाला. मात्र सिम्युलेटरवरचा रुग्ण घाबरत नाही, त्याचा रक्तदाब अचानक कोसळला तरी कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. त्यामुळे तो पहिली पायरी ठरतो, शेवटची नव्हे.

शिवाय शिकणे पदवीपाशी संपत नाही. ॲमस्टरडॅममध्ये फर्डिनांड किमेनेई यांनी १९९२ मध्ये मनगटातून अँजिओप्लास्टी सुरू केली. या मार्गात रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. पण मनगटाची रोहिणी बारीक, चटकन आखडणारी. जांघेतून शेकडो अँजिओप्लास्टी केलेल्यांनाही इथे पुन्हा शिकाऊ व्हावे लागले. फ्रान्समध्ये ॲलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये कॅथेटरमधून महारोहिणीची झडप बसवली, तेव्हाही तसेच झाले. ही झडप बसवू लागणाऱ्या डॉक्टरांच्या पहिल्या काही शस्त्रक्रियांना अनुभवी मार्गदर्शक शेजारी उभा राहतो, अशी पद्धत पडली आहे.

शिकलेला हात चालता राहावा लागतो, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्ये प्रत्येक डॉक्टरने वर्षाला सरासरी किमान ५० अँजिओप्लास्टी कराव्यात, असे सुचवले. त्याआधी हा आकडा ७५ होता. अर्थात केवळ आकड्यावरून डॉक्टरांची पारख होत नाही. गरज नसताना स्टेंट घालूनही आकडा वाढतोच.

म्हणून तातडी नसेल तेव्हा रुग्णाने किंवा नातेवाइकांनी सरळ विचारावे : अँजिओप्लास्टी स्वतः कोण करणार? ते वर्षाला साधारण किती करतात? शिकाऊ डॉक्टर सहभागी असतील तर वरिष्ठ पूर्णवेळ हजर असतील ना? गुंतागुंत झाली तर बायपास करणारे सर्जन इथे आहेत, की दुसरीकडे न्यावे लागेल? औषधांवर भागेल का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. शिकाऊ डॉक्टर हजर आहेत म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. देखरेख चोख असेल तर रुग्णाकडे लक्ष ठेवणारे डोळे वाढतातच.

हार्ट अटॅक आला की मात्र यातले काहीच विचारायला वेळ नसतो. तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते आणि जवळच्या सज्ज रुग्णालयात पोचणे हेच महत्त्वाचे. म्हणूनच आपल्या भागात चोवीस तास चालणारी कॅथलॅब कुठे आहे आणि तिथे रात्रीही अनुभवी डॉक्टर येतात का, याची चौकशी आजच करून ठेवावी. तो फोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.