सीबी रेडिओ: डबा कोणीही विकतो, पैसा बसवण्यात आहे



मागच्या व्हिडिओनंतर एका प्रेक्षकाचा मेसेज आला. "सर, अमेरिकेतले ट्रकवाले सीबी रेडिओवर बोलतात. वीस सेट मागवून इकडच्या ट्रकवाल्यांना विकले तर? दीड लाख बाजूला काढलेत."

मी त्यांना म्हटलं, पैसे अजून आठवडाभर बँकेतच राहू द्या. आधी त्या धंद्यात पैसा नक्की कुठे आहे ते बघू. त्या आठवड्याचा अभ्यास म्हणजे हा लेख. तुम्हाला रेडिओचा धंदा करायचा नसला तरी शेवटपर्यंत वाचा. गाडीत काहीही बसवून देणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची गोष्ट यात आहे.

आधी सीबी म्हणजे काय?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओचा पट्टा. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झजवळचा हा पट्टा १९५८ मध्ये सुरू झाला. परवाना लागत नाही, महिन्याचं बिल नाही, टॉवर नाही. माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. त्याच चॅनेलवर असलेल्या आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं.

ट्रकवाल्यांनी तो खऱ्या अर्थाने उचलला १९७३ च्या तेलटंचाईत. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय, हे एकमेकांना सांगायची गरज पडली. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, मग पुढे पोलीस कुठे उभे आहेत हेही सांगणं सुरू झालं. गर्दी इतकी वाढली की १९७७ मध्ये २३ चॅनेलची ४० करावी लागली. त्यातलं ९ नंबरचं चॅनेल आणीबाणीसाठी राखीव आहे. ट्रकवाले रूढीने १९ वर असतात.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: ४ वॅट

आता नीट लक्ष द्या, सगळा धंदा या एका आकड्यावर उभा आहे.

अमेरिकन कायद्याप्रमाणे नेहमीच्या एएम पद्धतीत सीबी सेटची ताकद जास्तीत जास्त ४ वॅट. सेट स्वस्तातला असो की महागातला, मर्यादा तीच. ताकद वाढवणारा अँप्लिफायर जोडणं बेकायदा आहे.

म्हणजे महाग सेट घेतला म्हणून तुमचा आवाज लांब जाणार नाही. जास्तीच्या पैशात मिळतं ते वेगळं: खरखर कापणारं चांगलं सर्किट, मोठा स्पीकर, रात्री दिसणारा डिस्प्ले, हवामानाची चॅनेलं. आवाज लांब जाणं ठरतं अँटेनावर, तारेवर आणि बसवणाऱ्याच्या हातावर. चांगल्या सेटला वाईट अँटेना लावला तर शेजारच्या लेनमधल्यालाही धड ऐकू येत नाही. साध्या सेटला नीट अँटेना लावला तर मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर आरामात बोलता येतं.

सेट निवडताना गिऱ्हाइकाला काय विचारायचं?

चांगला दुकानदार आधी सेट दाखवत नाही. आधी चार प्रश्न विचारतो.

१. गाडी कोणती? लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर कप्पा असतो, तिथे मोठा सेट बसतो. कोब्रा २९ सारखे सेट ट्रकवाल्यांत वर्षानुवर्षं चालतात, कारण प्रत्येक कामाला वेगळं बटण आहे आणि रस्त्यावरची नजर न हटवता हाताला सापडतं. जीपमध्ये एवढी जागाच नसते. तिथे छोटा सेट, किंवा सगळी बटणं माइकमध्येच असलेला प्रकार बरा.

२. टप कशाचा आहे? लोखंडी पत्रा अँटेनाला मदत करतो. बऱ्याच ट्रकच्या केबिनमध्ये फायबरग्लास असतो, जीपवर कापडी किंवा प्लॅस्टिकचं छत असतं. तिथे अँटेना आणि त्याची जागा वेगळी निवडावी लागते.

३. बोलायचं कुणाशी? महामार्गावर अनोळखी ट्रकवाल्यांशी, की डोंगरात आपल्याच चार जीपवाल्यांशी?

४. बॅटरी किती व्होल्टची? अमेरिकन ट्रक १२ व्होल्टचे असतात, बहुतेक सीबी सेटही त्याच हिशेबाचे. आपल्याकडचे मोठे ट्रक २४ व्होल्टचे. १२ चा सेट थेट २४ ला जोडला तर तो पहिल्याच दिवशी जळेल.

या चार उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते. गिऱ्हाइकालाही कळतं की समोरचा नुसता विकायला बसलेला नाही.

अँटेना: लांबीचं गणित

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. तिचा चौथा भाग, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपासचा अँटेना सगळ्यात चांगला. पण नऊ फुटांची काठी घेऊन पुलाखालून जाणार कसं? म्हणून तारेचं वेटोळं घालून तो तीन-चार-पाच फुटांत बसवतात. जितका आखूड, तितकी तडजोड मोठी.

ट्रकवर अँटेना बहुधा आरशाच्या दांडीवर बसतो. काही जण दोन्ही आरशांवर एकेक लावतात. त्यासाठी ठरावीक लांबीची जोडतार लागते. पण दोन अँटेनांत आठ-नऊ फुटांचं अंतर नसेल तर फायदा फारसा होत नाही, एक चांगला अँटेना पुरतो. हे गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. दुसरा अँटेना गळ्यात मारला तर एकदाचे पैसे मिळतील, माणूस परत येणार नाही.

जीपवर मागच्या स्टेपनीच्या दांडीवर किंवा बॉनेटच्या कडेला जागा मिळते. खाली स्प्रिंग लावायची, म्हणजे झाडाची फांदी लागली तर अँटेना वाकेल, मोडणार नाही.

बसवताना: जिथे नवखे चुकतात

पॉवर. लाल आणि काळी, दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्यायच्या. जवळच्या दिव्याच्या तारेतून चोरून पॉवर घेतली की इंजिनची घरघर स्पीकरमध्ये येते. फ्यूज बॅटरीच्या जवळ. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर धक्क्यांनी तार सोलून निघते आणि एक दिवस धूर येतो.

अर्थ. अँटेनाच्या पट्टीखाली रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही. तेवढ्या जागेचा रंग खरवडून धातूला धातू भिडवायचा. स्टेपनीची दांडी बिजागरीवर असते, तिथे अर्थ कच्चा राहतो. गाडीच्या सांगाड्यापर्यंत वेगळी अर्थची पट्टी ओढायची.

केबल. अँटेनाची केबल दारात चिमटू द्यायची नाही, कोपऱ्यावर काटकोनात दुमडायची नाही. जास्तीची केबल उरली तर घट्ट गुंडाळी करून टायने आवळू नका, मोठ्या सैल वळणांनी ठेवा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा: अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबायचं नाही. सेटची ताकद बाहेर जायला वाट मिळत नाही आणि सेट आतून जातो.

एसडब्ल्यूआर: कारागीर आणि तार जोडणारा यांतला फरक

पाइपाचं तोंड बोटाने अर्धं दाबलं की पाणी मागे थोपतं. अँटेना नीट जुळलेला नसला की सेटमधून निघालेली ताकद तशीच मागे येते. ती किती मागे येते हे एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. आकडा १.५ असेल तर साधारण ४ टक्के ताकद परत येते, २ वर ११ टक्के, ३ वर २५ टक्के. १.५ च्या खाली उत्तम, २ पर्यंत चालतं, ३ च्या वर गेलं तर सेट वापरायचा नाही.

मोजायची रीत अशी. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, भिंती आणि दुसऱ्या गाड्या लांब. दारं बंद. मीटर सेट आणि अँटेना यांच्यामध्ये जोडा. चॅनेल १, चॅनेल २० आणि चॅनेल ४० वर आकडा लिहून घ्या. मग:

- १ वर आकडा जास्त, ४० वर कमी: अँटेना आखूड पडतोय, टोक थोडं वर काढा.
- ४० वर जास्त, १ वर कमी: अँटेना लांब आहे, टोक खाली घ्या किंवा कापा. कापताना अगदी थोडं-थोडं, कापलेलं परत चिकटत नाही.
- सगळीकडे ३ च्या वर: लांबीला हात लावू नका. अर्थ कच्चा आहे किंवा केबल कुठेतरी शॉर्ट आहे, ते आधी शोधा.

हे काम करायला महागडी मशीन लागत नाही. एक मीटर, एक छोटी जोडकेबल आणि सबुरी लागते. तरीही बहुतेक ड्रायव्हर ते स्वतः करत नाहीत, कारण मध्ये थांबून तीनदा मोजायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तुमचा धंदा गिऱ्हाइकाच्या नसलेल्या वेळातच असतो.

पैसा कुठे आहे?

अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक स्टॉपजवळ सीबीची छोटी दुकानं असतात. ट्रक स्टॉप म्हणजे ट्रकवाल्यांचं गावच. आयोवा राज्यातल्या वॉलकॉटजवळचा 'आयोवा ८०' स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो, तिथे न्हावी आहे आणि दंतवैद्यही.

आता समजा, अशा दुकानात एक काम आलं. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. सेटवर सुटले १५ डॉलर, कारण तोच सेट ऑनलाइन मिळतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल आहे. अँटेना, पट्टी, केबल यांवर २५. बसवणं आणि ट्यूनिंग, ८० डॉलर. एकूण १२० मधले ८० हे हाताचे पैसे. शिवाय सेटमध्ये भांडवल अडकतं, हातात अडकत नाही.

मोबाइल आल्यावर सीबीचा बाजार आटला. ऑफ-रोडवाल्यांतले बरेच जण जीएमआरएस नावाच्या दुसऱ्या रेडिओकडे वळले. त्याला परवाना लागतो, पण परीक्षा नाही, ३५ डॉलरमध्ये दहा वर्षं आणि अख्खं कुटुंब. अशा वेळी नुसते सीबीचे डबे विकणाऱ्याच्या फळीवर माल पडून राहिला. बसवणाऱ्याने तेच हात जीएमआरएस, डॅशकॅम आणि दिव्यांना लावले. अँटेनाची केबल कुठून न्यायची आणि अर्थ कसा धरायचा, ही विद्या बदलत नाही.

मग इकडे वीस सेट आणायचे का?

माझं उत्तर, नाही. तीन कारणं.

पहिलं, कायदा. भारतात २००५ च्या नियमांनी अटींसह बिनपरवाना ठेवलेला पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अमेरिकन सेट जातो २७.४०५ पर्यंत. त्याचं २८ वं चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे २८ ते ४० ही तेरा चॅनेलं आपल्या हद्दीबाहेर. शिवाय सेटला सरकारी मान्यता हवी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा पाठवल्या. त्यांना सोडलं नाही, तुम्हाला सोडतील?

दुसरं, २४ व्होल्ट. प्रत्येक ट्रकसाठी व्होल्टेज उतरवणारा डबा वेगळा. खर्च वाढला, तक्रारीही वाढल्या.

तिसरं आणि सगळ्यात मोठं: पलीकडे ऐकायला कोण आहे? अमेरिकेत १९ नंबर लावला की रस्ता बोलतो, कारण पन्नास वर्षांची सवय आहे. आपल्या घाटात एकट्याने रेडिओ लावला तर तो फक्त खरखर ऐकेल आणि आठ दिवसांनी सेट परत घेऊन येईल.

आणायची असेल तर तिथली पद्धत आणा. कळंबोलीसारख्या ट्रक टर्मिनलवर आज रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम बसवले जातात. ड्रायव्हरला विचारा, पावसाळ्यात कॅमेरा का बंद पडतो. उत्तर बहुधा कॅमेऱ्यात सापडणार नाही. उघडा जोड, कच्चा अर्थ, ग्रोमेट नसलेलं भोक, हेच निघेल. दीड लाखातले दहा-पंधरा हजार चांगल्या हत्यारांवर घाला, दोन महिने एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हात काळे करा, बाकीचे बँकेत ठेवा.

या आठवड्याचं तुमचं काम

तुमच्या गावाजवळच्या ट्रक थांब्यावर जा. पाच ड्रायव्हरना एकच प्रश्न विचारा: "गाडीत बसवलेली कुठली वस्तू सारखी बंद पडते?" उत्तरं वहीत लिहा. जे उत्तर तीनदा आलं, तिथे तुमचा धंदा आहे.

त्या मित्राचा परवा पुन्हा मेसेज आला. दीड लाख अजून बँकेतच आहेत आणि वहीत चार पानं भरलीत. सुरुवात झाली!